निवासी कलावंताचे दिवस : रेसिडेन्सीला निघणाऱ्यांसाठी काही सूचना

कलावंताला पैशाची चणचण असते हे सर्वश्रुत आहे. परंतु जागेची आणि सलग वेळेची चणचण त्याहूनही जाचक असते, हे ज्याने दोन खोल्यांच्या घरात सहा फुटी कॅनव्हास कपाटामागे उभा करून ठेवला आहे, किंवा दिवसभर शाळेत चित्रकला शिकवून रात्री घरातील निजानीज झाल्यावर मातीला हात लावला आहे, त्यालाच खऱ्या अर्थाने कळते. या अडचणीवर उपाय म्हणून जगभर जी व्यवस्था रूढ झाली, तिला आपल्याकडील चित्रकार आणि रंगकर्मी आता सरसकट ‘रेसिडेन्सी’ म्हणू लागले आहेत. काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतच्या ठराविक मुदतीसाठी एखादी संस्था कलावंताला राहण्यास खोली आणि काम करण्यास स्टुडिओ देते, कोठे जेवणखाणाची आणि थोड्याबहुत वृत्तीचीही सोय करते, आणि त्याने आपले काम करावे यापलीकडे त्याच्याकडून फारसे काही मागत नाही. कोल्हापूर, नागपूर, सावंतवाडी, छत्रपती संभाजीनगर अशा गावांतून कलाशिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना या व्यवस्थेचे नाव ठाऊक असते, तिच्या वाटा मात्र ठाऊक नसतात. आणि ज्यांना त्या ठाऊक असतात त्यांतील पुष्कळजण रेसिडेन्सीला बक्षीस समजून दिसेल तेथे अर्ज करीत सुटतात. जागा आणि अवधी तेथे मिळतातच. परंतु तेथील सर्व लाभांत इतर कलावंतांची सोबत हा सर्वांत मोलाचा लाभ असून अर्जदार त्याचाच विचार सर्वांत कमी करतात, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील सूचना बहुतांशी या एका मताच्या अनुरोधाने केल्या आहेत.

कलावंताच्या उदरनिर्वाहाची तजवीज करून त्याला परगावी कामाला बसविण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत 1666 मध्ये रोम येथे फ्रेंच अकादमी स्थापन झाली ती याच हेतूने. आणि सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली, तेव्हा त्याच्यासाठी बडोद्यास चित्रशाळेचीही सोय केली होती. परंतु राजाश्रय आणि आजची रेसिडेन्सी यांत एक मूलभूत भेद आहे. राजाला चित्र हवे असे; आजच्या चांगल्या संस्थेला चित्रकाराचे दिवस कारणी लागावेत एवढेच हवे असते, मग त्या दिवसांच्या अखेरीस हाती चित्र पडो वा न पडो.

हा विचार कसा आकारास आला हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात पीटरबरो गावी 1907 मध्ये स्थापन झालेल्या मॅकडॉवेल या संस्थेची दिनचर्या पाहावी. एडवर्ड मॅकडॉवेल हा संगीतकार दुसऱ्याच वर्षी निवर्तला. त्याची पत्नी मॅरियन हिने पुढे गावोगाव पियानोवादनाचे कार्यक्रम करून आणि देणग्या जमवून ही संस्था उभी केली. तेथील स्टुडिओ रानात असे विखुरलेले आहेत की एकाच्या खिडकीतून दुसरा दिसू नये. दुपारचे जेवण टोपलीत भरून प्रत्येक स्टुडिओच्या पायरीवर ठेवले जाते आणि आणणारा माणूस दारावर थापही न मारता निघून जातो, कारण आत कोणी एखाद्या स्वरापाशी किंवा वाक्यापाशी अडलेला असेल तर त्याची तंद्री भंगू नये, अशी त्यामागील दृष्टी आहे. कोणाच्याही स्टुडिओत त्याच्या आमंत्रणावाचून जावयाचे नाही, असा दंडक आहे. प्रत्येक स्टुडिओत लाकडी फळ्या लावलेल्या असून तेथे राहून गेलेला प्रत्येकजण त्यांवर आपले नाव लिहून जातो. नवा रहिवासी खोलीत शिरला की आपल्याआधी या टेबलाशी कोण कोण बसले होते हे त्याला वाचावयास मिळते. मात्र संध्याकाळी सर्वजण एकत्र जेवतात, आणि दिवसभर स्वरलेखन करणारा संगीतकार, कवितेशी झुंजणारी कवयित्री आणि वास्तुशिल्पी हे त्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी बसतात. एकांत आणि सोबत यांची ही जी वाटणी आहे, दिवस एकट्याचा आणि संध्याकाळ सर्वांची, तीच अनेक निवासी संस्थांनी थोड्याफार फरकाने उचलली आहे.

दुसरा प्रकार याच्या उलट दिशेने जातो. शिल्पकार अँथनी कॅरो आणि रॉबर्ट लोडर यांनी 1982 मध्ये न्यू यॉर्क राज्यात ‘ट्रँगल’ नावाची कार्यशाळा भरविली; निरनिराळ्या देशांतील कलावंतांनी थोडे दिवस एका छपराखाली, एकमेकांच्या डोळ्यांदेखत काम करावे, हा तिचा विचार होता. त्या विचारातूनच आपल्याकडे 1997 मध्ये दिल्लीजवळ मोदीनगर येथे ‘खोज’ची पहिली कार्यशाळा भरली, आणि पुढे दिल्लीच्या खिरकी वस्तीत या संस्थेने कायमचे ठाण मांडले. येथे एकांतापेक्षा संसर्गाला महत्त्व आहे. नुकतेच शिक्षण संपविलेल्या तरुणांसाठी ‘खोज’ची ‘पीअर्स’ नावाची सुमारे महिनाभराची रेसिडेन्सी आहे. पहिल्यांदाच घर सोडून कामासाठी बाहेर पडणाऱ्याने तिची चौकशी अवश्य करावी.

या दोन प्रकारांपैकी आपल्याला कोणता मानवेल याचा निर्णय अर्जाचा कागद हाती घेण्यापूर्वीच करावयास हवा. ज्याच्या मनात काम तयार आहे, केवळ हात मोकळे नाहीत, त्याने एकांत देणाऱ्या ठिकाणी जावे. ज्याचे हात सरावलेले आहेत, परंतु तेच तेच काम करून ज्याला स्वतःचाच कंटाळा येऊ लागला आहे, त्याने माणसांनी गजबजलेल्या ठिकाणी जावे. याची अदलाबदल झाली की दोघांचेही दिवस वाया जातात, आणि मग संस्था वाईट होती असा बोल लावला जातो.

सोबतीचे मोल काय असते, हे सांगण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईत वॉर्डन रोडवर, आझाद हिंद सेनेच्या खटल्यात बचावपक्षाची बाजू मांडणारे ख्यातनाम वकील भुलाभाई देसाई यांच्या स्मरणार्थ चालविलेली ‘भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट’ पन्नास आणि साठच्या दशकांत नांदत होती. समुद्रालगतच्या त्या वास्तूत नाममात्र भाड्याने कलावंतांना खोल्या मिळत. वासुदेव गायतोंडे तेथे रंगवीत, हुसेन तेथे रंगवीत, नसरीन मोहमदी यांचा स्टुडिओ तेथेच होता. त्याच आवारात रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा चाले आणि अल्काझींच्या ‘थिएटर युनिट’ची मंडळी नाटकाच्या शिक्षणात आणि तालमींत गुंतलेली असत. अशा जागी एकाचा अभ्यास दुसऱ्याच्या कानांवर पडतो आणि एकाचे अपुरे काम दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. कोणी कोणाला मुद्दाम काही शिकवीत नाही, तरी प्रत्येकजण शिकत असतो. आज ती वास्तू उरलेली नाही. महाराष्ट्राच्या आधुनिक कलेचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र तिचे नाव वगळून पुढे जाता येणार नाही.

त्याच शहरात चित्रकार अकबर पदमसी यांनी 1969 मध्ये जे केले, ते तर सहकार्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे. त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली होती. तो पैसा केवळ स्वतःच्या चित्रांसाठी वापरला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. परंतु त्यांनी चलच्चित्रणाची सामग्री आणि एचिंगची यंत्रणा जमवून नेपियन सी रोडवरील एका सदनिकेत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उघडली. मणी कौल, कुमार शहानी यांच्यासारखे चित्रपटकार आणि नुकत्याच जे. जे. स्कूलमधून बाहेर पडलेल्या नलिनी मालानी तेथे एकत्र आल्या. पदमसींनी सुमारे हजार रेखाटने केली आणि राम मोहन या अ‍ॅनिमेशनकाराच्या साहाय्याने त्यांतून ‘सिझिजी’ हा मूकपट सिद्ध झाला. मालानींनी कॅमेऱ्याशी ओळख करून घेतली आणि पुढे त्यांच्या व्हिडिओ-कलेची जी ख्याती झाली तिचे मूळ या काळात सापडते. चित्रकाराला अ‍ॅनिमेशनची भाषा येत नव्हती आणि अ‍ॅनिमेशनकाराला तसले चित्र कोणी पूर्वी करावयास सांगितले नव्हते. प्रत्येकाजवळ दुसऱ्याला नसलेले काहीतरी होते, मध्ये एक यंत्र होते आणि हाती सवड होती. सहकार्य घडून यावयास इतके पुरते. नुसत्या स्नेहावर उभे राहिलेले सहकार्य, अनुभवास असे येते की, दुसऱ्या आठवड्यातच गप्पांत विरून जाते.

म्हणून ठिकाण निवडताना तेथे कोणते यंत्र, कोणती भट्टी, कोणती रंगभूमी आहे हे प्रथम पाहावे, आणि इमारतीची छायाचित्रे नंतर. छापचित्रे करणाऱ्यास प्रेस हवा असतो, आणि तो घरी ठेवता येत नाही. भोपाळच्या भारत भवनात 1982 पासून छापचित्रांची आणि सिरॅमिकची कार्यशाळा आहे. बडोद्यास ‘छाप’ ही छापचित्रकारांची कार्यशाळा आहे. दिल्लीस ललित कला अकादमीचे गढी येथील स्टुडिओ आहेत आणि अकादमीची प्रादेशिक केंद्रे इतरत्रही आहेत. अहमदाबादचे कनोरिया सेंटर 1984 पासून चित्रकार, शिल्पकार आणि छापचित्रकारांना दीर्घ मुदतीसाठी स्टुडिओ देत आले आहे. नटाने आणि दिग्दर्शकाने वीणापाणी चावला यांनी मुंबईत सुरू करून पुढे पुदुच्चेरीजवळ नेलेल्या ‘आदिशक्ती’ची माहिती मिळवावी, तेथे शरीर, श्वास आणि ताल यांवर जे काम होते ते शहरातील भाड्याच्या तालीमघरात होणे कठीण आहे. परफॉर्मन्स-कलेकडे ओढा असलेल्यांना गोव्यात 2014 पासून ‘एचएच आर्ट स्पेसेस’ आहे, मुंबईच्या माझगाव भागात ‘स्पेस 118’ने तरुण चित्रकारांसाठी स्टुडिओ उघडले आहेत, आणि लेखकांसाठी ‘संगम हाउस’ 2008 पासून आहे. परदेशातील ठिकाणे तर असंख्य. पॅरिसच्या सीन नदीकाठी 1965 मध्ये उघडलेल्या ‘सिते अँतरनासिओनाल देझार’ या एकाच संस्थेत तीनशेहून अधिक स्टुडिओ आहेत. आणि आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन-कार्यक्रमात दिलीप चित्रे 1975 मध्ये सहभागी झाले होते, हे मराठी लेखकांनी ध्यानात ठेवावे. या यादीत नसलेली चांगली ठिकाणे पुष्कळ आहेत. अटी आणि मुदती मात्र दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या संस्थेकडूनच विचारून घ्याव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

पैशाचा व्यवहार आधी उलगडून घेणे हे कलावंताला कमीपणाचे वाटते, आणि येथेच त्याचे नुकसान होते. काही संस्था सर्व खर्च सोसून वर वृत्ती देतात, काही केवळ जागा देतात, काही जागेचे भाडे घेतात. भाडे घेणे यात गैर काहीच नाही. यंत्रे, वीज, माणसे यांचा खर्च कोणीतरी करावयासच हवा. परंतु जी संस्था निवडीचे कोणतेही निकष न ठेवता येईल त्याला घेते, भरभक्कम शुल्क आकारते आणि शेवटी दोनतीन कृती फुकट ठेवूनही घेते, तिच्या वाटेस जाऊ नये असे मी स्वच्छ सांगेन. अर्ज करण्यापूर्वी एक साधे पत्र लिहून विचारावे: प्रवासखर्च कोणाकडे, साहित्याचा खर्च कोणाकडे, जेवण मिळते की स्वतः रांधावयाचे, स्टुडिओ रात्री उघडा असतो काय, सोबत मूल आणता येते काय, कृती ठेवून घेतात काय आणि घेतल्यास निवड कोणाची. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कलावंताची’ असे असेल तरच मान्य करावे. मग आपला खर्चाचा तपशील मांडावा, आणि त्यात घरी मागे राहणारे भाडे, हप्ते आणि बुडालेली शिकवणी यांचीही रक्कम धरावी. हा आकडा पाहून पुष्कळांचा धीर खचतो; परंतु तो आधी पाहिला म्हणजे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, प्रो हेल्वेशिया यांच्यासारख्या साहाय्य करणाऱ्या संस्थांकडे नेमके किती मागावयाचे हे तरी कळते.

आता अर्जाविषयी. येथे थोडे थांबून सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण चांगले काम करणारे कितीतरी मराठी मुलगे आणि मुली अर्जाच्या पायरीवरच अडतात. बहुतेक ठिकाणी पाच वस्तू मागतात: निवडक कामांची छायाचित्रे, अल्प परिचय, स्वतःच्या कामाविषयीचे निवेदन, तेथे काय करणार याचा मसुदा, आणि एकदोन शिफारसपत्रे. छायाचित्रे दिवसाउजेडी, सावलीत, चौकट काटकोनात धरून काढावीत, आणि प्रत्येकाखाली माध्यम, माप व साल लिहावे. वीस बऱ्या कामांपेक्षा दहा चांगली कामे पाठवावीत. निवडमंडळावरील माणूस एका बैठकीत शेकडो चित्रे पाहतो आणि त्याच्या मनावर सर्वांत दुबळ्या चित्राचाही ठसा राहतो. शिफारसपत्र मोठ्या नावापेक्षा ज्याने आपल्याला काम करताना पाहिले आहे त्याच्याकडून घ्यावे, आणि त्याला लिहावयास निदान तीन आठवडे द्यावेत.

निवेदनाची आणि मसुद्याची गोष्ट निराळी. ‘मानवी अस्तित्वाच्या शोधात’, ‘निसर्ग आणि शहर यांतील द्वंद्व’ अशी वाक्ये कोणीही कोणाच्याही कामाविषयी लिहू शकतो, आणि म्हणून ती कोणाचीच राहत नाहीत. एक कल्पित उदाहरण घेऊ. सावंतवाडीची एक चित्रकर्ती आहे. तिने लिहिले, ‘मला लोककला आणि समकालीन कला यांचा संगम साधावयाचा आहे’. हे वाचून वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. तिनेच असे लिहिले की, ‘माझ्या गावी गंजिफाचे गोल पत्ते रंगविणारे चितारी आहेत, एका हातात मावणाऱ्या त्या वर्तुळात दशावतारांतील एकेक अवतार ते कसा बसवितात, हे मी पाहत आले आहे, मी चौकोनी कॅनव्हासावर शिकले, आणि वर्तुळात कोपरे नसल्यामुळे माझ्या आकृतींची मांडणी कोलमडते, दोन महिन्यांत एका चिताऱ्यासोबत काम करून आम्ही प्रत्येकी एक संच रंगवू, त्याने माझ्या विषयावर आणि मी त्याच्या मापात’, तर तिला काय करावयाचे आहे, कशासाठी करावयाचे आहे, सोबत कोण लागेल आणि वेळ किती लागेल, हे सर्व त्यात आले. तिला उत्तर ठाऊक नाही, परंतु प्रश्न पक्का ठाऊक आहे. निवडणारे याच प्रश्नाच्या शोधात असतात.

इंग्रजीचे भय अनेकांना मागे खेचते, म्हणून त्याविषयी दोन शब्द. निवेदन प्रथम मराठीत, बोलतो तसे, लिहून काढावे. जे सांगावयाचे ते मराठीत स्पष्ट झाले की कोणा जाणत्याकडून त्याचे इंग्रजी करवून घ्यावे आणि मग आपणच वाचून पाहावे. त्यात आपल्याला न समजणारा एखादा शब्द आढळला तर तो खुशाल काढून टाकावा. प्रत्यक्ष मुलाखतीत मोडके तोडके बोलले तरी चालते. माझे निरीक्षण असे की ज्याला आपल्या कामाविषयी खरोखर काही म्हणावयाचे असते त्याचे व्याकरण कोणी तपासत बसत नाही.

निवड झाली म्हणजे आनंदाच्या भरात करारनाम्यावर डोळे मिटून सही करण्याचा मोह होतो. तो आवरावा. भारताच्या कॉपीराइट कायद्याने, म्हणजे 1957 च्या अधिनियमाने, कृती निर्माण होताच तिच्यावरील हक्क निर्मात्याला मिळतो आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. परंतु त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलेल्या चित्राचा, छायाचित्राचा किंवा चित्रपटाचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, तो सांगणारा ठरतो. वृत्ती देणारी संस्था उद्या असा दावा करील असे नव्हे; तथापि ‘निवासकालात निर्माण झालेल्या कृतींचा कॉपीराइट कलावंताकडेच राहील’ हे एक वाक्य करारात असावे, म्हणजे तंट्याला जागाच उरत नाही. हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क विकल्यानंतरही आपले नाव लावण्याचा आणि कृतीची विटंबना होऊ न देण्याचा अधिकार कलावंताकडे उरतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकण्यात आले, तेव्हा ते न्यायालयात गेले, आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा हुकूम दिला, तो याच अधिकाराच्या आधारे.

दोघांनी मिळून काम केले असेल तर आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, तिलाच कायदा संयुक्त कृती म्हणतो. तिच्यावर दोघांचा हक्क असतो, आणि त्याची मुदत मागून निधन पावणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत चालते. उलट नर्तकीच्या रचनेला दुसऱ्याने संगीत दिले असेल तर नृत्य तिचे आणि संगीत त्याचे. हा भेद ध्यानी घेऊन, काम सुरू होण्यापूर्वी, एका पानावर चार गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात: नावे कोणत्या क्रमाने लागतील, विक्री झाल्यास वाटणी कशी, एकाला दुसऱ्यावाचून ही कृती दाखविता येईल काय, आणि मध्येच एकजण निघून गेला तर अपुऱ्या कामाचे काय. मित्राशी असा लेख करणे संकोचाचे वाटते हे खरे. परंतु मैत्री टिकवावयाची असेल तर तो मैत्री ताजी असतानाच करावा लागतो.

हीच गोष्ट कारागिरासोबत काम करताना शतपटीने लागू आहे, आणि येथे आपल्या कलाक्षेत्राची वागणूक मला मनापासून खटकते. चितारी, तांबट, विणकर, वारली चित्रकार यांचे हात वापरावयाचे, त्यांना रोजंदारी द्यावयाची आणि प्रदर्शनात स्वतःचेच नाव लावावयाचे, हा प्रघात सहकार्याच्या नावाखाली चालू द्यावयाचा नाही. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे आणि इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांचे 2003 मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे जे प्रदर्शन झाले, त्यात दोन्ही नावे बरोबरीने होती. असे अन्यत्र का होऊ नये? सावंतवाडीच्या त्या चित्रकर्तीने आपल्या अर्जात चिताऱ्याचे नाव, त्याची वृत्ती आणि त्याचा प्रवासखर्च स्वतःच्या शेजारी लिहावा. संस्था नकार देईल तर ती संस्था आपल्या उपयोगाची नाही असे समजावे.

प्रत्यक्ष तेथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात काही निर्माण करण्याची घाई करू नये. गाव पाहावे, हार्डवेअरचे दुकान, लाकडाची वखार, कागदवाला कोठे आहे हे शोधावे, यंत्र सांभाळणाऱ्या माणसाशी ओळख करावी. स्टुडिओतील मदतनीसाला त्या प्रेसचे किंवा भट्टीचे जे गुणदोष ठाऊक असतात ते माहितीपत्रकात नसतात. रोज रात्री चार ओळींची टाचणे ठेवावीत. सायंकाळचे जेवण, कितीही काम तुंबलेले असो, सर्वांसोबत घ्यावे. दुसऱ्याच्या स्टुडिओत जाण्यापूर्वी विचारावे, गेल्यावर आधी बराच वेळ नुसते पाहावे. सहकार्यासाठी दिवसातील दोनतीन तास ठरवून घ्यावेत आणि उरलेले स्वतःसाठी राखावेत, कारण ज्याचे स्वतःचे काम थांबले त्याच्यापाशी दुसऱ्याला देण्यासारखेही काही उरत नाही. बहुतेक ठिकाणी अखेरीस एक दिवस स्टुडिओ लोकांना खुले करतात. त्या दिवसासाठी घाईघाईने कामाला झिलई देऊ नये. फसलेला प्रयोग, अर्धवट साचा, रेखाटनांची वही, सारे तसेच मांडावे. लोक विचारतात ते प्रश्न टिपून ठेवावेत. परतल्यावरच्या कामाला त्यांचा उपयोग होतो.

परतण्यापूर्वी प्रत्येक कृतीची छायाचित्रे काढावीत, आणि त्यांच्या व चित्रफितींच्या निदान दोन नकला करून त्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. पदमसींचा दुसरा चित्रपट ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ याची प्रत दिल्लीच्या प्रदर्शनासाठी पाठविली असता गहाळ झाली आणि ती पुढे कधीच मिळाली नाही. परदेशातून कृती आणावयाच्या असतील तर संस्थेकडून यादी आणि मूल्याचा दाखला घ्यावा, म्हणजे जकातीच्या वेळी तारांबळ होत नाही. संस्थेला अहवाल मागितल्यावाचून पाठवावा.

आणि जे एकदा जाऊन आले आहेत त्यांना एक विनंती. आपल्या मंजूर झालेल्या अर्जाची नक्कल, खर्चाचा खरा तपशील आणि करारनाम्यातील ज्या अटींनी त्रास दिला त्यांची टिपणे, आपल्या गावच्या कलामहाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका फाइलीत लावून ठेवा. मुंबई-पुण्यातील विद्यार्थ्याला ही माहिती ओळखीपाळखीतून मिळते. गडहिंग्लजच्या किंवा वणीच्या मुलीला ती कोणी सांगत नाही. त्या फाइलीवर आपला पत्ताही लिहा, आणि कोणी विचारावयास आले तर तासभर बसून त्याचा मसुदा वाचून द्या.